पांढऱ्या प्लेटची लाल स्विफ्ट

सकाळी साडेसातला बाबांचा फोन वाजला. ते पूजेला बसले होते म्हणून मी उचलला. पलीकडे ठाण्यावरचा हवालदार. "जीए-०३, लाल स्विफ्ट. मास्तरांच्या नांवार आसा मगो?" मी म्हटलं, अहो, ती आम्ही दोन वर्षांपूर्वीच विकली. तो म्हणाला, "कागदार तुमचीच आसा ताई. काल रातीं चोपड्याच्या पुलाकडे स्कूटरीक धडक दिल्या. मास्तरांक घेवन येयात."

बाबांच्या हातात तेव्हा समई होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोणाला लागलं?"

आज दिवसभर डोकं फिरलंय. ही पोस्ट लांब होणार आहे आणि मी ती कापणार नाही. ज्याला टॅग करायला हवं त्याला मुद्दाम टॅग करत नाहीये. वाचतो तो माझं सगळं, लाईक पण करतो. आज कर बघू.

आधी काय झालं ते. २०१४ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची गाडी घेतली. पेडणे तालुक्यातला मराठी प्राथमिक शाळेचा मास्तर, तोवर कदंबा बस आणि जुनी बजाज. लाल रंग आईने निवडला. शोरूममधून गाडी थेट देवळात. भटजींनी नारळ वाढवला, गाऱ्हाणं घातलं आणि मग ती आमच्या अंगणात शिरली. नऊ वर्षांत बाबांनी ती किती चालवली असेल? पार्से ते म्हापसा, म्हापसा ते पार्से, आणि वर्षातून एकदा चवथीला, म्हणजे गणपतीला, मामाकडे. दर पावसाळ्याआधी ब्रेक तपासून घ्यायचे. त्याची वेगळी वही होती. हसू नका, खरंच होती.

मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, रात्रीचं दिसेना, आणि २०२३ च्या डिसेंबरात गाडी विकली. घेणारा बाबांच्याच वर्गातला मुलगा. आता जुन्या गाड्या घेतो-देतो. दोन लाख साठ हजार रोख दिले. बॉनेटवर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद पसरले, फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आणि बाबांनी त्याने बोट ठेवलं तिथे तिथे सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव कोरं. तारीख कोरी. "मास्तर, टेन्शन घेवं नाका, आठ दिसांत नांव बदलून घेतां."

आठ दिवस! आज एमपरिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकला. मालक: माझे बाबा.

मध्यंतरी त्या आठ दिवसांत काय झालं ते आज ठाण्यावर बसून कळलं. गाडी पुढच्या माणसाला गेली, त्याने आणखी पुढे दिली, आणि तिसऱ्याने ती किनाऱ्याच्या बाजूला भाड्याने लावली. पांढऱ्या प्लेटवर. दिवसाला पंधराशे, रोख, पावती नाही.

पांढरी प्लेट म्हणजे काय हे गोव्यात कुणाला सांगायला नको, पण बाहेरचे मित्र वाचतायत म्हणून सांगते. टॅक्सीची प्लेट पिवळी, अक्षरं काळी. स्वतः चालवायला भाड्याने मिळते ती रेंट-अ-कार, तिची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी. पांढरी प्लेट घरच्या वापराची. ती भाड्याने दिली तर परमिटशिवाय धंदा केला म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम १९२अ लागतं, पहिल्याच वेळी दहा हजार दंड आणि तुरुंगाचीही तरतूद. विम्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने द्यायची नाही. म्हणजे रेंटवर असताना ठोकली की कंपनी हात वर करायला मोकळी. हे सगळ्यांना माहीत आहे. आणि तरी प्रत्येक वाड्यावर एक "रेंटची" पांढरी गाडी उभी आहे. माझ्या स्वतःच्या चुलतभावाकडे दोन आहेत. हो, तुझ्याबद्दलच बोलतेय. चवथीला ये, तेव्हा भांडू.

मोपाचं विमानतळ सुरू झालं, ५ जानेवारी २०२३ ला पहिली प्रवासी विमानं उतरली, आणि आमच्या तालुक्यात जमिनी विकून झाल्यावर लोक गाड्यांकडे वळले. आधी माड-काजू, मग भाटं म्हणजे अख्ख्या बागायती, मग गाडी. उद्या काय उरतं बघू.

आता कुणीतरी म्हणणारच, "अगो, पोरांना नोकऱ्या नाहीत, कर्ज काढून गाडी घेतलीय, हप्ता कुठून भरणार?" मान्य. आणि सरकारी नियमही अजब आहे, १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवाना हवा तर किमान ५० गाड्या पाहिजेत. एक गाडी असलेल्या पोराने पन्नास कुठून आणायच्या? कुणा परवानेवाल्याच्या छत्रीखाली जायचं आणि त्याला पैसे मोजायचे. तेही मान्य. टॅक्सीवाले विमानतळावरून जे दर सांगतात त्याने माणूस रेंटकडेच पळतो, हेही मान्य. झालं? पण माझ्या बाबांच्या नावावर का रे? स्वतःच्या नावावर गाडी घे, दंड खा, हप्ता भर, जे काय करायचं ते कर. मास्तरांचं नाव भाड्याने द्यायला तुला कुणी सांगितलं?

ठाण्यावरचं सांगते. चालवणारी दोन पोरं, बाहेरची, विशी-बाविशीची. संध्याकाळचं विमान होतं, सारखी मोबाईलमध्ये वेळ बघत होती. एकाला कळलं की हे म्हातारे गृहस्थ गाडीचे मालक. तो उठून आला आणि बाबांना म्हणाला, "अंकल, आपकी गाडी के ब्रेक ही ढीले थे."

बाबांना. ज्यांची ब्रेकची वही होती.

ते काहीच बोलले नाहीत. मी बोलले, भरपूर बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

(भात टाकून आले. आता थोडी शांत झालेय. म्हणजे तसं मला वाटतंय.)

लोक म्हणतात पर्यटक वाईट. थार घेतात, किनाऱ्यावर वाळूत घालतात, मग ट्रॅक्टर बोलावून ओढून काढतात, आपण व्हिडिओ बघून हसतो. मीही हसलेय. पण चावी त्यांच्या हातात कोण देतं? लायसन्स धड न बघता, आधारच्या फोटोवर, पेट्रोल पंपासमोर उभं राहून? आपणच. आणि गाडीवर ओरखडा दिसला की त्याच पोरांचं डिपॉझिट दाबून बसणारे, जुनाच ओरखडा पाच जणांना विकणारे, तेही आपलेच. किनारपट्टीवर एकेक ओरखडा असा आहे की त्याने मालकाचा हप्ता फेडलाय.

मोठ्या गाड्यांचं तर बोलायलाच नको. आसगावच्या बाजूला कधीही जा, बंगल्यांसमोर परराज्यांच्या नंबरच्या गाड्या. वर्षानुवर्षं. कायदा सांगतो की बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा, तिथला कर भरायचा. भरतंय कोण? पुद्दुचेरीत कर कमी म्हणून पीवाय नंबर काढायचे आणि गाडीने पुद्दुचेरी कधी बघितलेलीच नसायची. आणि दिल्लीचा माल वेगळा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंदीचा बडगा आला, मग त्या उंची जर्मन गाड्या एनओसी घेऊन मिळेल त्या भावात बाकीच्या राज्यांत पांगल्या. माझ्या नात्यातल्या एकाने तशी एक घेतली. नव्या स्विफ्टच्या किमतीत. देवळासमोर फोटो काढले. पहिल्या पावसात गिअरबॉक्स गेला, त्याचं बिल ऐकून तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. आता ती लग्नांना भाड्याने जाते, नवरा-नवरीला हॉलच्या दारापर्यंत सोडते. ती कुणाच्या नावावर आहे म्हणता? दिल्लीतल्या कुणा गृहस्थाच्या. त्यांच्याही घरी कुणी सकाळी पूजेला बसत असेल.

असो. परत बॉनेटवर.

बाबांचा तो विद्यार्थी गाडीवरचं नाव का बदलत नाही, हे मला आज एका ओळखीच्या धंदेवाल्याने समजावलं. गाडी पहिल्या मालकाची असली की भाव चांगला. दलालाने स्वतःच्या नावावर केली की ती "सेकंड ओनर" होते, पुढच्याला विकताना "थर्ड". प्रत्येक नावाला भाव उतरतो, वर फी, वर खेपा. म्हणून कागद "ओपन" ठेवायचे. कोऱ्या सह्यांची फाईल गाडीबरोबर या हातातून त्या हातात. आणि गंमत बघा, यावर नियमही आलेला होता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृत व्हायचं, आणि त्याला गाडी देताना आपण फॉर्म २९सी ऑनलाईन भरला की पुढची जबाबदारी त्याची. आम्ही विकली डिसेंबरमध्ये. नियम येऊन आठ महिने झाले होते! आम्हाला माहीत नव्हतं. त्याला माहीत असणारच. अधिकृत व्हायचं कष्ट कोण घेणार, मास्तर आहेत ना सही करायला.

आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय, गाडी चार हातांतून पुढे गेलेली असली तरी आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडूनही मागता येते. मला हे पटत नाही असं लिहिणार होते. मग बाकावर बसलेली ती बाई आठवली.

स्कूटरवरची मुलगी मांद्र्याच्या बाजूला एका फार्मसीत कामाला आहे. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे. तिची आई ठाण्यावर बाकावर बसली होती, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. ती पर्यटकांकडे बघत नव्हती. त्या दलालाला तर ती ओळखतही नाही. ती बाबांकडे बघत होती. तिने तरी दुसरं कुणाकडे बघायचं? कागदावर एकच नाव आहे. त्यामुळे हो, न्यायालयाचं बरोबर आहे. लिहिताना त्रास होतोय पण बरोबर आहे.

बाबा तिच्याजवळ जाऊन बसले. पंधरा-वीस मिनिटं. काय बोलले विचारलं तर म्हणाले, ती माझ्याच शेजारच्या शाळेत होती.

आता जे सकाळपासून लिहायचं टाळतेय ते लिहिते.

त्या दिवशी बॉनेटवर सह्या करताना बाबा थांबले होते. पेन उचलून म्हणाले, "हांगा नाव घालून घेऊया ना त्याचं." मी शेजारीच उभी होते. मला म्हापशाला जायचं होतं, बँकेचं काम होतं, एक वाजता काउंटर बंद होणार म्हणून घाई. मी म्हटलं, "बाबा, तो भरेल मागाहून, तुम्ही सही करा लवकर." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली. आयुष्यभर पोरांना "रिकाम्या जागा भरा" लिहून देणारा माणूस. माझ्या घाईसाठी चार रिकाम्या जागा सोडून उठला.

मग त्यांनी डॅशबोर्डवरची शांतादुर्गा हलक्या हाताने सोडवली, खाली चिकटपट्टीचा चौकोन राहिला तो नखाने खरवडत बसले. मी तेव्हाही घड्याळ बघितलं होतं. त्या पर्यटक पोरासारखंच.

आज ठाण्याच्या आवारात गाडी उभी आहे. डाव्या बाजूचा दिवा फुटलाय, मागे कुठल्याशा पार्टीचा स्टिकर. बाबांनी सभोवार एक फेरी मारली. काचेतून आत बघितलं. म्हणाले, "खरवडून नीट गेला नव्हता." चौकोन अजून आहे.

उद्या दहा वाजता परत जबाबाला जायचंय. त्यालाही बोलावलंय. येतो म्हणालाय, तोंड कुठल्या बाजूने दाखवतो ते बघायचंय. मी सगळे कागद, व्हॉट्सअॅपवरचे त्याचे "करतां मास्तर", "हो सोमार करतां" असे मेसेज, सगळं छापून घेतलंय. तुमच्यापैकी कुणी गाडी विकली असेल तर आत्ता, जेवायच्या आधी, नंबर टाकून बघा. लाईक नंतर करा.

बाबांना विचारलं, त्याला काय बोलणार? मला वाटलं आता तरी चिडतील. म्हणाले, "अक्षर फार सुंदर होतं गो त्याचं. वर्गात सगळ्यात."

आत्ता झोपायच्या आधी उद्याचा शर्ट खुंटीला लावून ठेवलाय. खिशात दोन पेनं. दुसरं कशाला, म्हटलं.

"त्याच्यासाठी. तो कधीच आणायचा नाही."