बॅटरी रात्र काढायला बसवलेलीच नसते

‘खाण चोवीस तास चालते, कडक ऊन मिळतं पाच-सहा तास. रात्र काढायची तर डोंगराएवढी बॅटरी लागेल. शिवाय ढग आला की पंचाईत, म्हणून जनरेटर चालूच ठेवावे लागतात. मग इंधन वाचतं कुठे? दुर्गम खाणीतलं सोलर म्हणजे फोटोपुरता देखावा.’ हा युक्तिवाद हल्ली हातोहात फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य बिनचूक आहे. गाडी घसरते ती पुढे.

आधी रात्रीचं बघू. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅग्न्यू या सोन्याच्या खाणीत १३ मेगावॉट, ४ मेगावॉट-तासांची बॅटरी आहे. भागाकार करा: पूर्ण जोरात चालवली तर वीस मिनिटांच्या आत रिकामी. बसवणाऱ्यांना गणित येत नव्हतं असं नाही. रात्र सांभाळायला तिथे पवनचक्क्या आणि जनरेटरची इंजिनं आहेत. मेगावॉट म्हणजे जोर, मेगावॉट-तास म्हणजे साठा. या दोहोंची गल्लत झाली की बॅटरी डोंगराएवढी दिसू लागते.

मग ती करते काय? समजा खाणीचा लोड, म्हणजे विजेची मागणी, १२ मेगावॉट आहे आणि भर दुपारी सोलर त्यातले ६ देतंय. दाट ढग आला तर यातला बराचसा वाटा मिनिटभरात जाऊ शकतो. बॅटरी नसेल तर तो खड्डा भरायला इंजिनं फिरतीच हवीत, म्हणजे १२ मेगावॉटची इंजिनं अर्ध्या लोडवर. ‘जनरेटर चालूच ठेवावे लागतात’ हे इथवर खरं आहे. आणखी सोलर जोडत गेलात तर इंजिनांवरचा लोड आणखी उतरतो. डिझेल इंजिन फार हलक्या लोडवर तासन्‌तास ठेवलं की डिझेल अर्धवट जळतं आणि एक्झॉस्टच्या जोडांतून काळं, चिकट तेल ओघळायला लागतं. ऑपरेटर सोलरवर वैतागतात ते उगाच नाही.

आता ६ मेगावॉट देऊ शकणारी बॅटरी जोडा. थोडी राखीव क्षमता धरूनही बरीच इंजिनं बंद करता येतात. ढग आला की विजेची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला होणारी आवर्तनं) फार ढळायच्या आत इन्व्हर्टर बॅटरीतून वीज सोडतो. तेवढ्यात बंद इंजिन सुरू होतं, सिंक्रोनाइझ होतं, म्हणजे चालू विजेच्या आवर्तनांशी जुळवून घेतं, आणि लोड उचलतं. याला अगदी दहा मिनिटं धरा: साठा लागला १ मेगावॉट-तास. डोंगर गेला कुठे?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या फेकोला या सोन्याच्या खाणीत ३० मेगावॉट सोलर आणि सुमारे १५ मेगावॉट-तासांची बॅटरी बसवली, ती दिवसा फर्नेस ऑइलवरच्या सहापैकी तीन इंजिनांपर्यंत बंद ठेवता यावीत याच बेताने. बंद इंजिन इंधन पीत नाही, आणि त्याचे देखभालीचे तासही मोजले जात नाहीत. दुर्गम खाणीत तर इंधनाच्या टँकरचं भाडंही वाचतं.

खरा अडचणीचा प्रश्न या युक्तिवादात आलेलाच नाही: खाण संपली की सोलरचं काय? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच डिग्रुसा या तांब्याच्या खाणीत २०१६ साली १०.६ मेगावॉट सोलर आलं आणि काही वर्षांतच खाणीतला माल संपला. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, खाण कधीकधी दहासुद्धा नाही. म्हणूनच बरेचदा सोलर वीज कंपनी उभारते आणि खाण वीज विकत घेते. पण शेजारी दुसरं गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे उरलेल्या वर्षांचा भार करारात कुणावर टाकायचा यावरच सगळी घासाघीस होते.