क्लॅरेंडनची शाळा आणि कापसाची उधारी

अमेरिकेच्या शाळांमधील वर्णभेदाचा विषय निघाला की आपल्याकडे सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १७ मे १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ‘ब्राउन’ हे त्या खटल्याचे नाव आणि थर्गुड मार्शल यांची वकिली एवढे सांगून विषय संपवला जातो. त्या निकालात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा खटला साउथ कॅरोलिना राज्याच्या क्लॅरेंडन काउंटीतून, म्हणजे मुख्यतः कापसावर जगणाऱ्या मुलखातून आला होता. तिथल्या शाळांचा इतिहास केवळ न्यायालयाच्या कागदांवरून कळत नाही, तो कळण्यासाठी शेतकऱ्याच्या उधारीचे खाते उघडून पाहावे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी शाळांविषयी. १८९५ च्या राज्यघटनेनेच तिथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे सक्तीचे केले होते. क्लॅरेंडनमधल्या समरटन गावाच्या हद्दीत गोऱ्यांच्या दोन शाळांत २७६ मुले होती, तर स्कॉट्स ब्रँच, लिबर्टी हिल आणि रॅम्बे या कृष्णवर्णीयांच्या तीन शाळांत ८०८. तरीही पहिल्या दोन शाळांच्या इमारती, जागा आणि सामान यांची किंमत दुसऱ्या तिन्हींच्या एकत्रित किमतीच्या चौपट होती. गोऱ्यांच्या शाळेत २८ मुलांमागे एक शिक्षक होता आणि दुसरीकडे ४७ मुलांमागे एक. १९४९-५० या वर्षी काउंटीने गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च केले, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती, आणि काही मुले रोज कित्येक मैल पायपीट करून शाळेत येत. धरणाच्या पाण्याने लेक मॅरियन हा जलाशय तयार झाला, तेव्हा एका वस्तीचा रस्ताच पाण्याखाली गेला आणि तिथल्या मुलांना नाव वल्हवत शाळा गाठावी लागली.

सुरुवातीची मागणी वर्णभेद संपवण्याची नव्हती, ती फक्त बसची होती. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली होती. ती सारखी बंद पडे, म्हणून निदान इंधनाचा खर्च तरी मिळावा असे त्यांनी शाळा मंडळाकडे मागितले, आणि नकार आला. शिक्षक व धर्मोपदेशक असलेले जोसेफ डीलेन यांच्या पुढाकाराने लीव्हाय पिअरसन हे शेतकरी १९४८ मध्ये न्यायालयात गेले. पिअरसन यांची जमीन स्वतःच्या मालकीची होती, म्हणून ते उभे राहू शकले. जो दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करत होता, त्याने सही केली की डोक्यावरचे छप्परही जाणार, हे उघड होते. पिअरसन कर ज्या शाळा-जिल्ह्यात भरतात तो वेगळा आहे, या तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळला गेला, पण शिक्षा मात्र झालीच. बियाणे आणि खतासाठी मिळणारी उधारी एकदम बंद झाली. हातात पैसा यावा म्हणून त्यांनी झाडे तोडली, तर गिरणीवाल्याने लाकूड उचलायला नकार दिला. कापणीच्या वेळी एकाही गोऱ्या शेतकऱ्याने त्यांना कापणीयंत्र भाड्याने दिले नाही, आणि उभे पीक शेतातच सडले. उधारीवर पेरायचे आणि माल विकून फेडायचे हे चक्र ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना एका हंगामाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही नोव्हेंबर १९४९ मध्ये समान शाळांची मागणी करणारा १०७ जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. सही करणाऱ्यांपैकी हॅरी ब्रिग्ज, ज्यांच्या नावाने पुढे खटला ओळखला गेला, पेट्रोल पंपावर काम करत होते. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने त्यांना भेट म्हणून सिगारेटचे एक खोके दिले आणि कामावरून काढून टाकले. त्यांच्या पत्नी एलायझा यांची मोटेलमधली नोकरी गेली. डीलेन आणि त्यांच्या पत्नी दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. सह्या करणाऱ्या शेतकऱ्यांचा कापूस जिनवर, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, घेईनात. घरात वेचून ठेवलेला कापूस आहे आणि जिन दार उघडत नाही, ही स्थिती मारहाणीपेक्षा कमी क्रूर आहे असे मला वाटत नाही. पुढे डीलेन यांचे घर जळाले, तेव्हा हे घर आमच्या हद्दीबाहेर आहे असे म्हणत अग्निशमन दलाचे लोक पाहत उभे राहिले.

मे १९५१ मध्ये चार्ल्सटनला ब्रिग्ज खटल्याची सुनावणी सुरू झाली, तेव्हा सरकारी वकिलांनी पहिल्याच दमात शाळा समान नाहीत हे मान्य केले आणि सुधारणेसाठी मुदत मागितली. गव्हर्नर जेम्स बर्न्स यांनी तीन टक्के विक्रीकर लावून नव्या शाळांसाठी पैसा उभा केला होता, आणि त्यातून त्याच वर्षी समरटनमध्ये नवी स्कॉट्स ब्रँच शाळा उभी राहिली. काही जण या इमारतीला राज्याची उदारता म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षे एका बसच्या इंधनालाही ज्यांच्याकडे पैसा नव्हता, त्यांना वेगळेपणच धोक्यात येताच पक्की इमारत बांधता आली. याचा अर्थ पैशाची अडचण खरी नव्हतीच. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी समान सोयी करण्याचा आदेश देऊन वेगळ्या शाळा कायम ठेवल्या. एकट्या वॉटीज वेअरिंग यांनी विभाजन हीच मुळात विषमता आहे असे लिहिले, आणि पुढच्या वर्षी त्यांना ते राज्य सोडून न्यू यॉर्कला जावे लागले.

१९५४ चा निकाल लागल्यावरही समरटनच्या शाळा दशकभर तशाच राहिल्या. १९६५ मध्ये गोऱ्या पालकांनी स्वतःची खासगी शाळा काढली आणि आपली मुले सरकारी शाळांतून काढून तिकडे नेली. ब्रिग्ज तोवर कामाच्या शोधात फ्लोरिडाला गेले होते.

मे २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने गोऱ्यांसाठी १९३६ मध्ये बांधलेले समरटन हायस्कूल आणि १९५१ ची स्कॉट्स ब्रँच या दोन्ही इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात समाविष्ट झाल्या आहेत. या दोन इमारती शेजारी ठेवून पाहिल्या, तर पाहुण्याला दुसरी तितकी वाईट नव्हती असे सहज वाटू शकते. म्हणून तिथे वकिलांच्या छायाचित्रांबरोबर ती नवी शाळा कोणत्या भीतीपोटी बांधली गेली हे ठळकपणे लिहिले पाहिजे, आणि पिअरसन यांच्या त्या हंगामाचा हिशेबही मांडला पाहिजे: कोणी खत नाकारले, कोणी यंत्र नाकारले, किती पीक गेले.