अल्बर्टचा अंगठा

मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनचा ‘लिटल अल्बर्ट’ हा प्रयोग मी चौदा वर्षं शिकवतेय. पांढरा उंदीर, मोठा आवाज, भीती, अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की एकीची प्रतिक्रिया दुसरीलाही जडणं). मुलं पाच मार्कांपुरतं पाठ करतात, पुढे जातात. मीही जात होते. या मे महिन्यात १९२०चा मूळ निबंध पहिल्यांदा सावकाश वाचला आणि त्यातल्या एका तपशिलाने माझी झोप उडवली.

बाल्टिमोरच्या इस्पितळातलं अकरा महिन्यांचं बाळ. उंदराला ते घाबरत नव्हतं, उलट हात पुढे करायचं. त्याने हात लावला की डोक्यामागे चार फुटी पोलादी कांबेवर हातोडा हाणायचा. असं सात वेळा झाल्यावर नुसता उंदीर दिसताच ते रडत कुशीवर पडलं आणि रांगत असं सुटलं की टेबलाच्या कडेपाशी कसंबसं पकडावं लागलं. इथवर मला ठाऊक होतं. पण अल्बर्ट घाबरला की अंगठा तोंडात घालायचा, आणि अंगठा चोखताना त्याची भीती जायची. मग चित्रीकरणात भीती दिसावी म्हणून वॉटसन आणि त्याची सहकारी रोझली रेनर तो अंगठा पुन्हा पुन्हा तोंडातून काढत. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, निरीक्षण म्हणून!

बाळ इस्पितळातून जाणार हे आधीच माहीत होतं, तरी ती भीती काढायचा प्रयत्न न करता त्याला जाऊ दिलं. (चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईने पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवून दाखवली. तो खात असताना ससा रोज थोडा जवळ आणायचा, एवढंच.) अल्बर्टची आई त्याच इस्पितळात दुसऱ्यांच्या बाळांना दूध पाजायच्या कामावर होती. तिला कुणी विचारलंही असेल, तरी जिथे पोट भरतं तिथे ती ‘नाही’ कशी म्हणणार होती?

हे डोक्यात असतानाच माझी एमएची विद्यार्थिनी एका शाळेतून नववीच्या प्रश्नावल्या भरून घेऊन आली. ‘मॅडम, बावन्नपैकी बावन्न! कुणीच नाही म्हणालं नाही.’ वर्गात कोण होतं, विचारलं. ‘वर्गशिक्षिका. त्यांनीच सांगितलं, सगळ्यांनी भरायचंय.’ प्रश्न होते घरातल्या भांडणांचे, रात्री रडू येतं का याचे. एका मुलाने या रडण्याच्या प्रश्नाचं उत्तर इतक्यांदा खोडलं होतं की कागद फाटला होता.

याला मी संमती म्हणणार नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं पालकांच्या संमतीसोबत सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. आपण मात्र संमतीपत्र प्रबंध बाइंडिंगला जायच्या आठवड्यात तयार करतो. मीही केलंय, आणि त्याची मला लाज वाटते.

त्या बावन्न प्रश्नावल्या आम्ही फाडून टाकल्या. ती पुन्हा गेली. आधी पालकांना चिठ्ठ्या, मग वर्गशिक्षिका बाहेर, कोरा कागद दिला तरी चालेल असं मुलांना स्वच्छ सांगितलं आणि भरलेले-कोरे सगळे कागद एकाच खोक्यात टाकायला लावले. एकतीस भरून आल्या. सँपल पुरत नाही म्हणून ती रडवेली झाली होती. मी एकतीसवरच सही केली.