खांद्यावरचा प्रसाद

अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला निघालात? मग पाकीट एवढं जपून कशाला नेताय, तिकडे माणसं त्याचीच वाट बघत ताटकळत उभी आहेत, त्यांचाही जरा विचार करा.

सुरुवात रेतीरोच्या बस स्टँडपासून करा. सगळं सामान शेजारी रचायचं आणि मोबाईलवर मॅप बघत बसायचं. थोड्या वेळात खांद्यावर पचकन काहीतरी पडेल, पातळ, हिरवट, घाण वास येणारं. वर बघू नका, कबूतर वगैरे काही नाहीये, कुणीतरी मागून सॉसची पिचकारी मारलेली असते. लगेच एक प्रेमळ काकू "पालोमा, पालोमा" करत (पालोमा म्हणजे कबूतर) टिश्यू घेऊन धावत येतील आणि तुमचा शर्ट असा पुसतील की सख्ख्या आईनंही कधी पुसला नसेल. आपल्याकडे कोण करतं हो एवढं! तुम्ही आपलं ओशाळून "ग्रासियास, ग्रासियास" म्हणत राहा, पाठीवरची सॅक काढून खाली ठेवा म्हणजे काकूंना नीट पुसता येईल, आणि काकूंसोबतच्या काकांकडे बघू नका, ते कामात असतात.

उरलेले डॉलर घेऊन फ्लोरिडा रस्त्यावर जा. तिथे "काम्बिओ, काम्बिओ" (म्हणजे पैसे बदला) ओरडणारे दलाल उभे असतात, त्यांना आर्बोलितो म्हणतात, म्हणजे छोटं झाड. 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काळ्या बाजारात डॉलरला सरकारी रेटच्या दुपटीहून जास्त पेसो (तिथलं चलन) मिळायचे, म्हणून शहाणी माणसंही जायची. एप्रिल 2025 मध्ये सरकारनं सामान्य लोकांवरची डॉलरखरेदीची बंधनं उठवली आणि तो फरक जवळपास संपला, पण म्हणून काय झालं, डॉलरमागे चार पेसो जास्त मिळत असतील तर अनोळखी माणसामागे गाळ्यात शिरायलाच हवं, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडणारी माणसं आपण!

ला बोका वस्तीतली कामिनितो ही रंगीत घरांची गल्ली बघून झाली की गळ्यात कॅमेरा अडकवून दोन गल्ल्या पलीकडे चक्कर मारा. मोटारसायकलवरून मोबाईल हिसकावणाऱ्यांना तिथले लोक मोतोचोरो म्हणतात, शब्दातच चोर आहे बघा, अगदी घरच्यासारखं वाटतं.

रात्री टॅक्सीवाल्याला वीस हजारांची नोट द्या. तो दिव्याखाली धरेल, मान हलवेल, "फाल्सा" (खोटी) म्हणून परत देईल. ती तुमची नसते, पण त्याच्याशी वाद घालू नका, दुसरी द्या. सकाळी टपरीवर आल्फाहोर (तिथलं गोड बिस्कीट) घ्यायला तीच नोट काढाल, टपरीवाला हसून परत करेल. ती मात्र जपून ठेवा, अख्ख्या ट्रिपमध्ये कुणी चोरणार नाही अशी तेवढीच एक वस्तू.