‘फोन घरी ठेवून जायचं होतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

डॅन्यूब सफरीच्या शेवटच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचा आक्षेप असा : डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनपासून रोमानियात काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्टान्त्सापर्यंत सायकल चालवली खरी, पण रोज फोटो, रोज वाचकांशी गप्पा, शेवटी किनाऱ्यावरून घरी व्हिडिओ कॉल. मग परदेश पाहिला कधी? तुम्ही स्वतः फक्त पोस्टकार्डांच्या भरवशावर कन्याकुमारी गाठलीत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. तरीही तुमचं म्हणणं मला पटत नाही.

दिवसभर फोन हातात होता, हा समज आधी दूर करतो. माझं सिमकार्ड जर्मनीतलं. युरोपीय संघात 2017 पासून रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, म्हणून ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, क्रोएशियात तेच चाललं. सर्बिया संघात नाही. तिथे डेटा बंद, नकाशा आधीच उतरवून घेतलेला, आणि बोलणं काय ते रात्री मुक्कामाच्या वायफायवर. नदीपलीकडे रोमानिया. फोनने तिकडचा टॉवर पकडला की घड्याळ एकदम तासभर पुढे जायचं, एवढाच त्याचा दिवसभरातला उपद्रव. कझानच्या घळीत नदी जेमतेम दीडशे मीटरवर येते, समोरच्या कड्यात डेशियाच्या, म्हणजे प्राचीन रोमानियाच्या, डेसेबालस राजाचा प्रचंड चेहरा कोरलेला आहे. तिथे बराच वेळ मी नुसता बसून होतो.

आता मुख्य मुद्दा. घळीत शिरायच्या आदल्या रात्री एका वाचकाचा निरोप आला. हे गृहस्थ उजनीचे धरणग्रस्त, गाव बुडालं तेव्हा शाळकरी होते. त्यांनी विचारलं, ‘अदा काले दिसेल का हो?’ मला ते नावच ठाऊक नव्हतं. रोमानियातल्या ओर्शोव्हा गावाच्या थोडं खाली डॅन्यूबमध्ये हे बेट होतं. तुर्की वस्ती, मशीद, बाजार. युगोस्लाव्हिया (सर्बिया तेव्हा त्यातच होता) आणि रोमानियाने मिळून ‘लोखंडी दरवाजा’ धरण बांधलं, ते 1972 साली पुरं झालं, पण बेट त्याआधीच पाण्याखाली गेलं होतं. माणसं उठून गेली, काही तुर्कस्तानात, काही कॉन्स्टान्त्साकडे. दुसऱ्या दिवशी सर्बियाच्या काठावरच्या तेकिया गावाशी थांबलो. समोर नुसतं पसरलेलं पाणी. त्या निरोपाशिवाय मी ते ‘सुंदर जलाशय’ म्हणून फोटो काढून पुढे गेलो असतो.

त्यांनीच आणखी एक सांगितलं. बेटावरच्या मशिदीतला मोठा गालिचा वाचवून कॉन्स्टान्त्साच्या मशिदीत नेला आहे. त्यामुळे शहरात पोचल्यावर मी आधी समुद्रावर गेलोच नाही, सायकल बाहेर लावून मशिदीत गेलो. त्या गालिच्यासमोर उभं राहून उजनीकाठी फोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘आमच्या देवळातलं काहीच काढता आलं नाही.’ दादा, हा माझ्या सगळ्या सफरीतला सर्वांत मोलाचा क्षण आहे आणि तो फोनमुळेच मिळाला. याला तुम्ही परदेश न पाहणं कसं म्हणाल?

राहिला घरचा कॉल. कॉन्स्टान्त्सा म्हणजे जुनं टोमिस. रोमच्या सम्राटाने कवी ओव्हिडला इसवी सन 8 मध्ये इथेच हद्दपार केलं. तो घरी परत येऊ द्या म्हणून वर्षानुवर्षं कवितेतून पत्रं लिहीत राहिला आणि इथेच वारला. शहराच्या चौकात त्याचा पुतळा आहे. त्या गावात पोचून माझ्या आईला मी ‘पोचलो’ म्हणून लगेच कळवू शकलो, याचा मला आनंदच आहे. ती रोज रात्री माझ्या निरोपाची वाट पाहत जागी असायची. उन्हाळ्यात भारतातली वेळ सर्बियापर्यंतच्या देशांपेक्षा साडेतीन तास पुढे, रोमानियापेक्षा अडीच. तिची ती जागरणं तुमच्या हिशेबात कुठेच येत नाहीत, हे मला खटकलं.

तुम्ही पुढच्या वर्षी पासाउ ते व्हिएन्ना करायचं म्हणताय. जरूर करा, फोनशिवाय करा. फक्त ऑस्ट्रियात श्लोगनला नदीच्या वळणाशी उत्तर काठाने जाणार असाल तर पुढे सायकलवाट संपते आणि छोट्या फेरीबोटीने जावं लागतं. या बोटी ठरावीक हंगामापुरत्याच चालतात, तेव्हा निघण्याआधी वेळापत्रक कागदावर उतरवून घ्या.