शेजाऱ्यावर प्रीती, हात राखून

‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा पाळायला अगदी सोपी आहे. फक्त शेजारी कोण, हे आपण ठरवायचं. शास्त्र जाणणाऱ्या एका पंडिताने येशूला नेमकं हेच विचारलं होतं : माझा शेजारी कोण? माणूस हुशार. व्याख्या आटोपशीर झाली की प्रीतीही बेतात राहते. दुर्दैवाने त्याला व्याख्या मिळालीच नाही, गोष्ट मिळाली. त्यात वाटेत लुटून घायाळ केलेल्या माणसाला याजक आणि लेवी, म्हणजे देवळातली धर्माची माणसं, बगल देऊन निघून जातात, आणि यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी एकजण त्याच्या जखमा बांधतो, उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवतो. दोन दिवसांची मजुरी! गोष्ट ऐकताना एवढी खबरदारी घ्या : शोमरोनी म्हणजे नेहमी आपण. याजक म्हणजे दुसऱ्या चर्चच्या मंडळीतले लोक.

आता चर्चमधल्या रविवारच्या उपासनेकडे वळू. दाराशी एखादा नवा चेहरा दिसेल. कपडे, बोलणं, चालणं, काहीतरी आपल्यातलं नसेल. बाई म्हणावं की पुरुष, हेच तुम्हाला उमगत नसेल. तोंडभर हसायचं, ‘या, या’ म्हणायचं आणि बाकावरची पर्स आहे तिथेच राहू द्यायची. ‘जागा धरलीय हो, आमचे हे येतायत.’ ‘हे’ सहा वर्षांत उपासनेला फिरकले नसले तरी हरकत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठीवाला आला की ‘इथे बसा’ आणि मळक्या कपड्यांतला आला की ‘तू तिथे उभा राहा’ असा प्रकार आहे. याकोबाने तो कान उपटण्यासाठी लिहिला खरा, पण आसनव्यवस्था म्हणून वाचला तर फार उपयोगी पडतो.

सगळ्यांत हुकमी साधन म्हणजे प्रार्थना. एखाद्याबद्दल डोळे उघडे ठेवून बोललं तर ती चहाडी, मिटून बोललं तर मध्यस्थी. आवाज थोडा ओला करायचा. ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे, आमचा हा भाऊ कुणासोबत राहतो...’ प्रभूला ठाऊक असतंच. तपशील गटातल्या बाकीच्यांसाठी असतो. नाव घेऊ नये. घर कोणत्या वळणावर आहे, एवढं पुरतं.

‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ हे वाक्यही जिभेवर असू द्या. ते बायबलमध्ये नाही, पण छापल्यासारखं वाटतं. पहिल्या अर्ध्या भागालाच इतका वेळ लागतो, की दुसऱ्याला आयुष्य पुरत नाही. शिवाय आपला तो बाब्या. म्हणजे आपली ती दुर्बलता आणि त्याचं ते पाप.

जक्कयाचं उदाहरण मात्र टाळा. लोक ज्याला पापी म्हणत तो हा जकातदार झाडावर चढून बसला होता; येशू त्या झाडाखाली थांबला आणि आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवून मोकळा झाला. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं नंतर जक्कयानेच काढलं. इतका उलटा क्रम आपल्याला परवडणारा नाही. त्यापेक्षा अंत्युखिया शहरातला येशूचा शिष्य पेत्र बरा. परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला मजेत बसत होता, याकोबाकडची यहूदी माणसं आली तसा हळूच उठून बाजूला झाला. प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, ते सोडा. तुमच्या मंडळीत असा एखादा पौल असेल तर त्याला खुर्च्या मोजायच्या कामावर घ्या.

एवढं करूनही कुणीतरी येतच राहतं. शेवटच्या बाकावर बसतं, गीत सगळ्यांत मोठ्याने म्हणतं, संपल्यावर पुस्तकं गोळा करून फळीवर लावतं. एखाद्या रविवारी तुमची पर्स बाकावरून घसरेल, चष्मा, गोळ्या, सुटे पैसे जमिनीवर पसरतील, आणि तेच गुडघे टेकून एकेक गोळी वेचून तुमच्या हातात देईल. आभार मानायला हरकत नाही. नाव तेवढं विचारू नका. विचारलंत, तर पुढच्या रविवारी पर्स मांडीवर घ्यावी लागेल.