कपाळावरच्या घामाचा पुरावा होत नाही

आज सकाळी सारसबागेत फिरून झाल्यावर आमच्या नेहमीच्या मंडळींत एका नेत्याच्या पत्रकार परिषदेची चित्रफीत पाहिली जात होती. प्रश्न ऐकताच तो चिडला, माईक बाजूला सारला, रुमालाने कपाळ पुसले. आणि तेवढ्यावर सर्वांनी निकाल दिला, 'खाई त्याला खवखवे.' आरोप नेमका काय आहे, हे मी विचारले, तर एकालाही धड सांगता आले नाही. मी तिथून उठून आलो. राग अजून उतरलेला नाही.

हीच म्हण मी बारा वर्षांचा असताना आमच्या वाड्यात माझ्या वडिलांविषयी ऐकली आहे. ते एका पतपेढीत रोखपाल होते. एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी भरली. व्यवस्थापकांनी सर्वांदेखत जाब विचारला, तेव्हा कधी आवाज न चढवणारे बाबा टेबलावर हात आपटून ओरडले. कप कलंडला आणि रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, पानावर चहा सांडला. खाई त्याला खवखवे, कर नाही त्याला डर कशाला, असे लोक म्हणू लागले.

बरे, न चिडणाऱ्याची तरी सुटका होते का? ऑस्ट्रेलियात १९८० साली लिंडी चेंबरलेन या बाईची तान्ही मुलगी डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, उचलून नेली. आई टीव्हीवर रडत नाही, एवढ्यावरून लोकांनी तिला खुनी ठरवले. पुढे न्यायवैद्यक तपासणीही चुकली आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. बाळाचे जाकीट सापडल्यावर १९८६ मध्ये ती सुटली. मृत्यू डिंगोमुळेच झाला, अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ साल उजाडले. उलट, एप्रिल २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने पत्रकारांसमोर सामनेनिश्चितीचे आरोप ठामपणे नाकारले, तेव्हा 'हा माणूस खोटे बोलणार नाही' असे आपल्यातलेच कितीजण म्हणाले होते. काही दिवसांतच त्याने सट्टेबाजाकडून पैसे घेतल्याचे कबूल केले.

खोटे पकडण्यासाठी नाडी, श्वास आणि घाम मोजणाऱ्या पॉलिग्राफची चाचणीसुद्धा आरोपीच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले, कारण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेला मान्य नाही. मग तीस सेकंदांची चित्रफीत पाहून एखाद्याला चोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सत्तेतल्या माणसाने उत्तर दिलेच पाहिजे आणि पत्रकारावर ओरडणे वाईटच, हे मला मान्य आहे. पण मग कागद मागा, निविदा वाचा, हिशेब तपासा.

बाबांच्या वेळी तेच कोणी केले नाही. तीन दिवस सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. चौथ्या दिवशी एका लेखनिकाने कीर्द ताळून पाहिली, तेव्हा एकाच भरणा पावतीची नोंद दोनदा झालेली निघाली, त्याच चहा सांडलेल्या पानावर. माफी कोणी मागितली नाही.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही त्या दिवशी एवढे का ओरडलात?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बावीस वर्षं रोकड मोजली रे मी तिथं. विचारायची ती रीत होती का?"